बर्फावरच्या गाडीचे पाय

गोमंतकातल्या मुलाने बर्फ पाहिलेला असतो तो बहुधा मासळीच्या पेटीत. पहाटे बाजारात लाद्या फोडून तो बांगड्यांवर पसरतात, दुपारपर्यंत त्याचे पाणी होते, आणि ते पाणी गटारातून वाहून गेले की आमचा व बर्फाचा संबंध त्या दिवसापुरता संपतो. मराठी व इतिहास शिकविणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकाने बर्फावरून धावणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीवर लेखणी उचलावी, हे पाहून आमचे विद्यार्थी गालांतल्या गालांत हसतील. त्यांना आणखी थोडे हसू यावे म्हणून आधीच सांगून टाकतो, की ही गाडी बर्फावर धावताना आम्ही पाहिलेलीच नाही. पाहिली ती मे महिन्यात, एका घराच्या गॅरेजमध्ये, दोन लाकडी घडवंच्यांवर चढवून ठेवलेली, आणि तीही पुढचे पाय काढून घेतलेल्या अवस्थेत.

तरी हा विषय गोव्याला सर्वस्वी परका आहे, असेही नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली होती, आणि वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आजही उभे आहे. तिकडच्या मोहिमांतही बर्फावरच्या स्कूटरी लागतातच. आमची आणि या वाहनाची गाठ मात्र दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर पडली नाही. ती पडली कॅनडात, आमच्या मामेभावाच्या दारी.

या मामेभावाला आम्ही दादा म्हणतो. डिचोलीच्या बाजूला खनिज वाहणाऱ्या टिपरांचा तो मेकॅनिक होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, टिपर दारोदार उभे राहिले, आणि पावसाळा येताच त्यांच्या चाकांवर वेली चढू लागल्या. दादाने काही वर्षे वाट पाहिली आणि मग परदेशाची वाट धरली. खाणीवर वाढलेला माणूस अखेर खाणीवरच गेला. एवढेच, की लोखंडाऐवजी निकेलच्या. ओंटॅरिओ प्रांताच्या उत्तरेकडील सडबरी हे निकेलचे गाव. गावाच्या या धंद्याची खूण म्हणून १९६४ साली पाच सेंटांचे एक नाणे नऊ मीटर उंचीचे करून टेकडीवर उभे केले आहे. शहराच्या हद्दीतच तीनशेहून अधिक तळी आहेत, आणि तळ्यांच्या मधून जिकडेतिकडे फार प्राचीन काळचा उघडा कातळ. हा कातळ पुढे आमच्या कथेत महत्त्वाचे काम करणार आहे, म्हणून तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. हिवाळ्यात त्याच्यावर हिमाची चादर पसरते आणि खडक कोठे व सपाटी कोठे हे डोळ्यांना कळेनासे होते.

गेल्या वर्षीच्या मेच्या सुटीत दादाने तिकीट पाठवून आम्हांला बोलावून घेतले. आम्ही पोहोचलो तेव्हा तळी नुकतीच मोकळी झाली होती आणि बारीक काळ्या चावऱ्या माश्यांचे थवे उठले होते. या माश्यांविषयी लिहावयाचे तर निराळा निबंध लागेल. येथे एवढेच सांगतो, की त्यांच्यामुळे आम्ही सारे गॅरेजचे दार अर्धे ओढून आतच काम करीत असू. बर्फावरच्या गाड्यांची मोठी कामे तिकडे उन्हाळ्यातच करतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौले परततात, तसाच हा प्रकार.

गाडीची रचना थोडी समजून घेतल्यावाचून पुढचा वाद कळणार नाही. तिला मागे चाके नसतात. इंजिनाच्या जोराने फिरणारा एक रुंद रबरी पट्टा असतो, तो बर्फाला मागे ढकलतो व गाडी पुढे जाते. पुढे दोन स्की, म्हणजे होडीच्या नाळेसारख्या वर वळलेल्या दोन लांब पट्ट्या. प्रत्येक स्कीच्या तळाला एक पोलादी सळई असते आणि तिच्यात कार्बाइड नावाच्या अतिकठीण द्रव्याचे तुकडे बसविलेले असतात. वळताना ते बर्फात रुततात म्हणून गाडी हँडलचे ऐकते. स्कीवर एक उभा दांडा असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. त्या दांड्याला गाडीच्या धडाशी जोडून ठेवतात दोन बाहू, एक वर व एक खाली. बाहूचा आकार इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा: टोक बाहेर स्पिंडलकडे, दोन पाय आत धडाकडे. बाहेरच्या टोकाला आपल्या खांद्याच्या खोबणीसारखा बॉल जॉइंट, आतल्या पायांना बुश. खड्डा आला की बाहू वर उचलला जातो आणि स्प्रिंग घातलेला शॉक-अप त्याला आवरून धरतो. हँडलची आज्ञा स्पिंडलपर्यंत नेतो तो टाय रॉड. बाहू ज्या भागाला अडकविलेले असतात, त्या धडाच्या पुढच्या चौकटीला बल्कहेड म्हणतात. ही चौकट ॲल्युमिनियमची, रिव्हेटांनी सांधलेली, आणि साऱ्या गाडीचा कणा तोच. या सर्वांच्या खाली पातळ प्लास्टिकची एक परात असते. दादा तिला सरळ ‘पोट’ म्हणे, आणि आम्हीही तोच शब्द वापरणार आहोत.

पूर्वीच्या गाड्यांत इतकी नाजूक रचना नव्हती. आरंभी स्कीवर आपल्या ट्रकांसारखेच कमानपाटे असत. बाहू व शॉक-अप मागाहून आले. या वाहनाच्या इतिहासात एक दुःखाचे पान आहे. क्वेबेक प्रांतातील व्हाल्कूर या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक राहत असे. जन्म १९०७ चा. पंधराव्या वर्षीच, म्हणजे १९२२ साली, त्याने जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन घसरगाडीवर चढवून मागे पंखा लावला होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या विकाराने आजारी पडला. रस्ते हिमाने बुजलेले, रुग्णालय दूर. मूल वाचले नाही. १९३७ साली बोंबार्डिएने आपल्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळविले, सात माणसे नेणारी बर्फगाडी बाजारात आणली, आणि १९५९ साली एकदोन माणसांची छोटी ‘स्की-डू’. आज हे वाहन पुष्कळ ठिकाणी हौसेचे झाले आहे. पण बर्फात अडकलेल्या मुलाला वेळेवर पोहोचविणे हा प्रश्न त्याच्या जन्मापासून त्याच्याशी निगडित आहे. दादाच्या घरी तो प्रश्न पुन्हा उभा राहिला होता.

घडले होते असे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमचा पुतण्या, वय वर्षे सतरा, तळ्यापलीकडे मित्राच्या ‘कॅम्प’वर गेला. तळ्याकाठच्या लाकडी सुटीघराला तिकडे उत्तरेत कॅम्प म्हणतात, तेथे तंबू शोधू नये. परतताना आखलेला मार्ग सोडून तो झाडीच्या कडेने निघाला. आदल्या रात्री पडलेल्या हिमाखाली तोच कातळ दबा धरून होता. डावी स्की त्याच्यावर आदळली. खालचा बाहू कोयत्यासारखा वाकला, टाय रॉड तुटला, स्की आडवी होऊन गाडीखाली गेली आणि पोट हातभर फाटले. मुलगा बाजूला हिमात पडला, त्याला लागले काही नाही. पण तापमान उणे २४ अंश, दिवस मावळलेला, आणि मोबाइलने थंडीपुढे मान टाकलेली. गाडी तेथेच सोडून तो ६ किलोमीटर चालत घरी आला. दोन तास लागले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पांढरी पडून बधिर झाली होती. ती पुढे बरी झाली.

घर मात्र बरे झाले नव्हते. वहिनीचे म्हणणे एकच, की ते मोडके धूड जसे आहे तसे विकून टाकावे. दादा म्हणे, “विकायची कशाला? अशी करून ठेवतो, की पुन्हा मोडणारच नाही.” पुतण्या दोघांसमोरही काही बोलत नसे, ज्या भिंतीला वाकलेला बाहू टेकून ठेवला होता, त्या भिंतीकडे तो फारसा पाहतही नसे. सतरा वर्षांची मुले आमच्या वर्गात रोज नसली, तरी पंधरा-सोळांची असतात, आणि हे गप्प राहणे आम्ही ओळखतो.

दादाची योजना साधी होती. खालचे दोन्ही बाहू जाड नळीचे, स्वतः वेल्डिंग करून बनवायचे आणि पोटाखाली ४ मिलिमीटरचा पोलादी पत्रा ठोकायचा. नळी व पत्रा आणूनही ठेवले होते. त्याच वेळी शेजारचे आजोबा आत आले. सडबरीत फिनलंडहून आलेल्यांची वस्ती जुनी व मोठी आहे. हे आजोबा त्यांपैकी, खाणीतील यंत्रांवर जन्म घालवून निवृत्त झालेले. त्यांनी तो वाकलेला बाहू उचलला, डोळ्याच्या रेषेत धरून पाहिला आणि दादाला विचारले, “हा वाकला नसता, तर दणका कोठे गेला असता?”

दादा म्हणाला, “खडकाला.”

आजोबा हसले नाहीत. त्यांनी पोटाची फाटकी परात सोडायला लावली आणि विजेरी घेऊन बल्कहेड तपासू लागले. कोपऱ्यांपासून कोपऱ्यांपर्यंत तिरपी मापे घेतली. दोन्ही सारखी भरली. चौकट चौरसच राहिली होती. नुकसान म्हणाल तर दोन रिव्हेटे तुटली होती आणि एका बोल्टाचे भोक किंचित लांबट झाले होते. ते म्हणाले, की या बाहूने आपले काम केले आहे. वाकता वाकता त्याने दणका गिळला आणि तो कण्यापर्यंत जाऊ दिला नाही. बाहू बदलायला एक दुपार पुरते. कणा फाटला, तर इंजिन, हँडल, सारी गाडी उतरवावी लागते, आणि तो खर्च ऐकून लोक गाडी भंगारात देतात.

दादाला हे आवडले नाही. “म्हणजे मुद्दाम लेचीपेची ठेवायची?” असे तो आम्हांला कोकणीत म्हणाला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. असल्या प्रश्नात आमचे मत कोण विचारतो? पण टिपरांच्या दिवसांतली एक गोष्ट आमच्या आठवणीत होती, आणि ती आम्हांला दादानेच सांगितलेली होती. जादा खनिज भरले जाई, कमानपाटे मोडत, म्हणून मालक प्रत्येक बाजूला एकेक पाटा वाढवून घेत. पाटे मोडायचे थांबले. मग पाटे ज्या ब्रॅकेटला अडकवतात ती ब्रॅकेटे तडकू लागली. ती जाड केली, तेव्हा चासीलाच भेगा पडल्या. ही आठवण आम्ही काढली तेव्हा दादा बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला.

आजोबांनी पुढचा हिशोब मांडला तो मात्र पाट्यांचा नव्हता. बाहू वाकला नाही, बल्कहेडही जाड करून फाटू दिले नाही, तर गाडी खडकाशी एकदम थांबेल. पण गाडीवरचा माणूस थांबणार नाही. त्याला खडकाने थांबविले पाहिजे, नाही तर झाडाने. येथे आम्ही आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून मागाहून तपासून घेतलेली आकडेमोड देतो. गाडी व मुलगा मिळून ३०० किलो धरा. ताशी ३० किलोमीटर वेगाला त्यांच्या अंगात सुमारे १०,४०० ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट म्हणजे ६० केला, की ती दुप्पट नव्हे, चौपट होते, जवळजवळ ४१,७०० ज्यूल. ही ऊर्जा खर्ची पडण्यासाठी काहीतरी वाकलेच पाहिजे. काय वाकावे, एवढेच ठरविणे आपल्या हाती असते.

त्या संध्याकाळी दादाने जाड नळी उचलून माळ्यावर टाकली. आधी बाहूवर बोट ठेवले, मग कण्यावर, आणि मुलाला म्हणाला, “हाका मोडूंक दी, ताका न्हय.” हा मोडू दे, तो नको. फेब्रुवारीनंतर बापलेकांत या गाडीविषयी झालेले हे पहिले सरळ बोलणे असावे, असा आमचा तर्क आहे.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. वाकलेला बाहू ठोकून सरळ का करू नये, असे आम्ही विचारले. आजोबांनी उत्तरादाखल तारेचा तुकडा आमच्या हाती दिला. तार एकदा वाकविली की वाकते, पुन्हा सरळ केली की त्या जागी कठीण होते, आणि पाच-सात वेळा केले की तुटते. हे आमच्या पाचवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. शिवाय पातळ नळी वाकताना आतून चेपते, ती चेपलेली जागा पुन्हा पूर्ववत होत नाही. नवा बाहू मूळच्याच जाडीचा मागविला. त्याच्याबरोबर नवा बॉल जॉइंट, नवे बुश, नवा टाय रॉड. जुना बॉल जॉइंट हाताला ठीक लागत होता. पण दणका बसलेल्या सांध्यावर विश्वास ठेवू नये, असे आजोबांचे मत पडले.

बळकटी दिली ती बल्कहेडला, आणि तीही बेताची. बाहूचा मागचा पाय जेथे अडकतो, तेथे आतून ॲल्युमिनियमची एक त्रिकोणी पट्टी बसविली. ही पट्टी दणका अडवीत नाही. दोन रिव्हेटांवर येणारा भार ती आठांवर वाटून देते, एवढेच. तुटलेली रिव्हेटे ड्रिलने काढली, लांबट झालेल्या भोकात पोलादी बुशी घातली, आणि जेथे पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तेथे मध्ये रंगाचा जाड थर दिला. दोन निराळे धातू ओलीत एकत्र राहिले, की त्यांतला एक दुसऱ्याला खातो. समुद्रकाठी घर असणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत लोखंडी स्क्रू घातला तर चार पावसाळ्यांत काय उरते, हे आम्ही आमच्याच घरी पाहिले आहे.

आता पोट. पोलादी पत्र्याचाही दादाने नाद सोडला, पण तो वजनकाट्यामुळे. लांबी १ मीटर व रुंदी ६० सेंटिमीटर धरली, तर ४ मिलिमीटर पोलादाचे वजन १९ किलोच्या आसपास भरते. एवढे ओझे नाकाखाली बांधले की ताज्या हिमात गाडीचे नाक खाली जाते. त्याऐवजी पॉलिथिलीनची एक फार चिवट जात मिळते, तिचा ५ मिलिमीटरचा तक्ता ३ किलोसुद्धा भरत नाही. मासळी कापायच्या जाड पांढऱ्या फळ्या दुकानात मिळतात ना, त्यांच्याच घराण्यातला हा तक्ता. साधे प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत बिस्किटासारखे फुटते. हे फुटत नाही, आणि याच्यावर बर्फ चिकटून राहत नाही. खडकावरून जाताना ते घासते, ओरखडे घेते व सरकते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र पोचा पडतो आणि तो पोचा पुढच्या खडकाला अडकतो.

हे काम दादाने सर्वस्वी पुतण्याकडे सोपविले. त्याने जुन्या परातीवरून कागदी नमुना कापला, तक्ता आखला, आणि ड्रिल हाती घेऊन बोल्टाच्या बरोबर मापाची भोके पाडायला निघाला, तेवढ्यात आजोबांनी त्याचा हात धरला. गॅरेजमध्ये २५ अंश आणि जानेवारीत उणे ३०. फरक ५५ अंशांचा. एवढ्या फरकाने मीटरभर ॲल्युमिनियम सव्वा मिलिमीटरच्या जवळपास आखडते. पॉलिथिलीन मात्र जवळजवळ एक सेंटिमीटर! भोके घट्ट ठेवली तर पहिल्या कडक थंडीत तक्ता स्वतःच बोल्ट ओढून फाटेल. म्हणून मधले एक भोक नेमके ठेवले, बाकीची लांबट पाडली, आणि रुंद वॉशर घालून बोल्ट असे आवळले, की तक्ता धरला जावा पण त्याला सरकता यावे. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे वाक्य आम्ही शाळेत पाठ केले होते. ते वाक्य एका मुलाच्या हातातल्या कानशीने लांबट भोक होताना पाहण्याचा योग मात्र आम्हांला सडबरीत आला.

नाकाखाली वेगळा लहान तुकडा लागला. तो मागच्या तक्त्याच्या वर यावा की खाली, यावर क्षणभर घोटाळा झाला. आम्ही धीर करून म्हणालो, “कौलांसारखे.” पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला पुढचे कौल मागच्याखाली जाते, येथे हिम पुढून मागे घासत जाते, तेव्हा नाकाच्या तुकड्याची कड मागच्या तक्त्यावर बाहेरून आली पाहिजे, म्हणजे हिमाला बोट घालायला फट मिळत नाही. हे मान्य झाले. या दुरुस्तीत आमचा तांत्रिक वाटा एवढाच. पण तो आम्ही येथे नोंदवून ठेवीत आहोत.

मग स्कींची दिशा लावली. पट्ट्याच्या कडेला एक लांब सरळ पट्टी टेकवून ती पुढे स्कीपर्यंत नेली, दोन्ही स्कींची टोके रबरी दोरीने एकमेकींकडे ओढून सांध्यांतला ढिलेपणा काढला, आणि पट्टीपासून स्कीचे अंतर पुढे व मागे मोजले. दोन्ही स्की अगदी समांतर असाव्यात असे आम्हांला वाटले होते. तसे नसते; पुढची टोके ३ ते ६ मिलिमीटर बाहेर वळलेली ठेवतात, नाही तर गाडी सरळ मार्गावरही डावीउजवीकडे हुंगत चालते. टाय रॉडचे नट अर्धाअर्धा आटा फिरवीत हे माप साधण्यात एक सकाळ गेली.

गाडी तयार झाली, पण आजोबांचे समाधान झाले नव्हते. त्यांनी नवा डावा बाहू पुन्हा उतरवायला लावला आणि त्या जागी जुना, वाकलेला बाहू चढविला. स्की पुन्हा आडवी झाली. फेब्रुवारीतले दृश्य जसेच्या तसे. मग मुलाला म्हणाले, “आता घरी जा बघू.” ट्रकवरचा माल आवळायला दातेरी कळीचा पट्टा वापरतात, तसा एक पट्टा, हातभर लांबीची मेपलची काठी आणि थोडी दोरी, एवढेच साहित्य. काठी स्पिंडलच्या मागे आडवी बांधावयाची, पट्ट्याने स्की ओढून शक्य तितकी सरळ करावयाची, तुटलेल्या टाय रॉडच्या जागी दोरीचा ताण द्यावयाचा. अशा गाडीला वळता नीट येत नाही, वेग तर धरताच येत नाही. पण माणसाच्या चालीने का होईना, ती मार्गापर्यंत जाते.

हातमोजे घालूनच करावयाचे, ही अट होती. पहिल्या वेळी २५ मिनिटे लागली आणि गाठ सुटली. दुसऱ्या वेळी २१. हे चालू असताना वहिनी अर्ध्या ओढलेल्या दाराखालून वाकून आत आली. इतके दिवस तिने गॅरेजमध्ये पाऊल टाकले नव्हते. ती काही बोलली नाही. दाराशी उभी राहून हातातल्या घड्याळाकडे पाहू लागली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “चौदा.” मग मुलाला तिने एवढेच सांगितले, की मोबाइल बाहेरच्या खिशात ठेवायचा नाही, आत, अंगाला लागून ठेवायचा, आणि मार्ग सोडून एकट्याने जायचे नाही. विकण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढेही निघाल्याचे आम्हांला ठाऊक नाही. पट्टा व काठी बैठकीखालच्या खणात गेली.

नवा बाहू परत चढवून, गाडीवर ताडपत्री टाकून आम्ही गोव्याला परतलो. येथे पावसाळा लागला होता.

या वर्षीच्या जानेवारीत पुतण्याचा संदेश आला. बाहूची परीक्षा अजून झालेली नाही, आणि ती होऊ नये अशी त्याच्या आईची इच्छा आहे. तक्ता मात्र दोनदा खडकावरून गेला. ओरखडे पडले, फाटला कोठेच नाही, आणि लांबट भोकांत बोल्ट एका कडेला सरकलेले त्याला स्पष्ट दिसले. एक अडचण निघाली. इंजिनाच्या उबेने पोटात शिरलेले हिम वितळते, ते पाणी बाहेर जाण्यासाठी पाडलेले भोक लहान पडले, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की आत बर्फाची लादी जमते. आजोबांनी भोक ४० मिलिमीटरचे करायला सांगितले आहे. फोटोत ती लादी त्याने बाहेर काढून दाखविली होती. मासळीच्या पेटीतल्यासारखीच होती, फक्त तिला तेलाचा काळा रंग होता.